औष्णिक रोधक लेप व सिलिकेटी संक्षारण

वायू टरबाइनाच्या तप्त भागांचे ज्वलनवायूंच्या उष्णतेपासून रक्षण करण्यासाठी त्यांवर सिरॅमिक (मृत्तिका वर्गातील) पदार्थाचा जो पातळ थर देतात, त्याला औष्णिक रोधक लेप म्हणतात. हवेबरोबर एंजिनात शिरणारी धूळ, वाळू किंवा ज्वालामुखीची राख या लेपावर बसून वितळते, त्याच्या छिद्रांत शिरते, त्याचे घटक विरघळविते व अखेर त्याचे ढलपे पाडते. या क्रियेला येथे सिलिकेटी संक्षारण म्हटले आहे. ऑक्साइडांचा लेप आणि ऑक्साइडांचाच वितळलेला रस यांच्यातील ही झुंज असल्यामुळे रसाला मुळीच दाद न देणारा लेप अद्याप मिळालेला नाही. त्यामुळे रसाशी विक्रिया टाळण्याऐवजी ती शक्य तितक्या लवकर घडवून आणावी व तिच्यातून निर्माण होणाऱ्या स्फटिकांनीच रसाची वाट बुजवावी, या उलट्या वाटणाऱ्या तत्त्वावर आजचे संरक्षण उभे आहे.

लेपाची गरज व रचना : वायू टरबाइनाची कार्यक्षमता टरबाइनात शिरणाऱ्या वायूच्या तापमानावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आधुनिक विमान एंजिनांत हे तापमान १,५००° से. पेक्षाही जास्त असते. पाती मात्र निकेलच्या ज्या मिश्रधातूंची करतात त्या सु. १,३००° से. च्या आसपास वितळू लागतात व त्यापूर्वीच त्यांचे बल बरेच कमी होते. म्हणून पाती आतून पोकळ ठेवून त्यांमधून संपीडकातील तुलनेने थंड हवा खेळवितात आणि बाहेरून लेप देतात. ०.१ ते ०.५ मिमी. जाडीचा लेप व आतील शीतन यांच्या संयोगाने धातूच्या पृष्ठाचे तापमान १०० ते ३००° से. नी कमी ठेवता येते. नखाएवढ्या किंवा त्याहूनही कमी जाडीच्या थराकडून मिळणारा हा लाभ मिश्रधातूंच्या कित्येक वर्षांच्या सुधारणेतून मिळालेल्या लाभाच्या तोडीचा आहे.

लेप एकजिनसी नसतो. धातूला लागून ॲल्युमिनियमयुक्त मिश्रधातूचा बंधक लेप असतो. वापरात त्याचे ऑक्सिडीभवन होऊन त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर तयार होतो. त्यावर मुख्य सिरॅमिक थर असतो. या थरासाठी वजनाने ६ ते ८ टक्के इट्रियम ऑक्साइड मिसळलेले झिर्कोनियम ऑक्साइड वापरतात. शुद्ध झिर्कोनियम ऑक्साइड सु. २,७००° से. ला वितळते, परंतु ते तापवून थंड करताना त्याची स्फटिकरचना चतुष्कोणीय प्रकारातून एकनत प्रकारात बदलते व त्याचे घनफळ ४ ते ५ टक्क्यांनी वाढून ते तडकते. इट्रियममुळे हा बदल रोखला जातो. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या नोदकावर कॅल्शियम मिसळलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडाचा लेप वापरण्यात आला होता. इट्रियमयुक्त लेपाचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात क्लीव्हलँड येथील नासाच्या लूइस संशोधन केंद्रात झाला व इट्रियमचे ६ ते ८ टक्के हे प्रमाण सर्वांत टिकाऊ असल्याचे तेथे स्टीफन स्टेकुरा यांनी दाखवून दिले. पुढील चार दशकांत हा पदार्थ जवळजवळ निर्विवादपणे वापरात राहिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लेप देण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत आयनद्रायूच्या तप्त झोतात सिरॅमिकची पूड वितळवून ती पृष्ठावर फवारतात. थेंब आपटून चपट्या चकत्या होतात व चकत्यांच्या दरम्यान फटी व छिद्रे राहतात. अशा लेपाच्या घनफळाचा सर्वसाधारणपणे १० ते २० टक्के भाग रिकामा असतो. दुसरीत निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने सिरॅमिकची वाफ करून ती पात्यावर साचवितात. त्यामुळे पृष्ठाला लंब असे बारीक स्तंभ शेजारीशेजारी वाढतात व त्यांमध्ये अरुंद फटी राहतात. फिरत्या पात्यांसाठी ही महाग पद्धत अधिक पसंत केली जाते, कारण धातू प्रसरण पावला की स्तंभ एकमेकांपासून किंचित दूर होतात व लेपावर ताण येत नाही. दोन्ही प्रकारांत लेपाचे गुण त्याच्या पोकळ्यांवर अवलंबून आहेत : पोकळ्यांमुळे उष्णता कमी वाहते आणि पोकळ्यांमुळेच लेप लवचिक राहतो. सिलिकेटी रसाला प्रवेशही याच पोकळ्यांतून मिळतो, ही या विषयातील मूळ अडचण होय.

निक्षेपांचा उगम : वाळवंटी वाळू म्हटली की क्वॉर्ट्‌झचे कण डोळ्यांपुढे येतात, परंतु शुद्ध क्वॉर्ट्‌झ एंजिनाच्या तापमानाला वितळत नाही, त्याचे जाड कण पाती झिजवितात व निघून जातात. उपद्रव होतो तो बारीक धुळीचा. तीत चुनखडी, डोलोमाइट, फेल्स्पार व मृद्-खनिजे यांचे कण असतात. ते वितळून एकत्र आले म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण तयार होते. या चार नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या मिश्रणास ‘सीमॅस’ असे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. लोह, सोडियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडेही त्यात कमी-अधिक प्रमाणात असतात. त्याचा वितळबिंदू घटकांच्या प्रमाणानुसार बदलतो. सर्वसाधारणपणे १,२०० ते १,२५०° से. च्या सुमारास ते पूर्ण वितळते. प्रयोगशाळांत बहुधा ३३ भाग कॅल्शियम ऑक्साइड, ९ भाग मॅग्नेशियम ऑक्साइड, ४५ भाग सिलिका व १३ भाग ॲल्युमिनियम (ऑक्साइडाच्या रूपात) असे नमुना-मिश्रण वापरतात. हे भाग वजनाचे नसून रेणूंच्या संख्येचे आहेत. महाराष्ट्राच्या पठाराचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट हा याच ऑक्साइडांचा बनलेला आहे व तोही सु. १,२००° से. च्या आसपास वितळतो. मात्र त्यात लोह पुष्कळ व कॅल्शियम त्या मानाने कमी असते.

१९९०–९१ मधील आखाती युद्धात वापरल्या गेलेल्या हेलिकॉप्टरांच्या टरबाइनांवर काचेसारखे थर सापडले. नासाच्या संशोधकांनी त्यांचे विश्लेषण केले तेव्हा त्यांची घडण सौदी अरेबियातील वाळूच्या जाड कणांशी नव्हे, तर तीतील बारीक भुकटीशी जुळती असल्याचे दिसून आले. १९९६ मध्ये बोरॉम, जॉन्सन व पेलुसो या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील संशोधकांनी असे निक्षेप व लेपाच्या पृष्ठाचे तापमान यांचा संबंध सविस्तर मांडला. त्यातून निघालेला निष्कर्ष सरळ होता : लेपाचा पृष्ठभाग निक्षेपाच्या वितळबिंदूखाली आहे तोवर धोका मर्यादित राहतो, तो ओलांडला की लेपाचे आयुष्य झपाट्याने घटते. याचाच अर्थ असा की, एंजिन जितके अधिक कार्यक्षम करावे तितके ते धुळीला अधिक नाजूक होते. समुद्रकाठच्या हवेतील मिठापासून बनणाऱ्या सोडियम सल्फेटाचे व हलक्या प्रतीच्या इंधनातील व्हॅनेडियमचे संक्षारण पूर्वीपासून माहीत होते. पण ते मुख्यत्वे १,०००° से. च्या खाली घडते व त्याची येथे चर्चा केलेली नाही.

ज्वालामुखीच्या राखेने हा विषय सामान्य लोकांपर्यंत नेला. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे लंडनहून मुंबई, क्वालालुंपुर या मार्गाने ऑक्लंडला जाणारे बोइंग ७४७ विमान जावा बेटावरील गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात सापडले व त्याची चारही एंजिने बंद पडली. सु. ११,००० मी. उंचीवरून तरंगत ते सु. ४,००० मी. पर्यंत खाली आल्यावर एंजिने पुन्हा सुरू झाली व विमान जाकार्ताला सुखरूप उतरले. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कातील रिडाउट ज्वालामुखीच्या राखेमुळे के. एल. एम. कंपनीच्या विमानावर तसाच प्रसंग गुदरला. तेही अँकरिजला सुखरूप पोहोचले, परंतु त्याची चारही एंजिने बदलावी लागली. अशा प्रसंगी वितळलेली राख टरबाइनाच्या पहिल्या स्थिर पात्यांवर थिजून वायुमार्ग अरुंद करते. एंजिन बंद पडून थंड झाले की हा काचेचा थर ठिसूळ होऊन तडकतो, त्याचे काही तुकडे निघून जातात व एंजिन पुन्हा सुरू करता येते. थोडक्यात, विमाने वाचली ती थिजलेली राख तडकून सुटल्यामुळे. लेपाचा नाश ही याहून सावकाश, अनेक उड्डाणांत साठत जाणारी व म्हणून डोळ्यांत न भरणारी हानी होय. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील एयाफ्यालायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे यूरोपातील सु. १ लाख उड्डाणे रद्द झाली, तेव्हा लेपांवरील राखेच्या परिणामाच्या अभ्यासाला विशेष चालना मिळाली.

संक्षारणाची क्रिया : वितळलेला सिलिकेटी रस झिर्कोनियम ऑक्साइडाला चांगला ओलावतो, म्हणजे तो थेंबाच्या रूपात न राहता पसरतो. १,३००° से. च्या आसपास त्याची श्यानता (दाटपणा) साधारण मधाएवढी असते. असा द्रव एक मायक्रोमीटर रुंदीच्या फटीत केशाकर्षणाने ओढला जातो व लेपाची सबंध जाडी भेदण्यास त्याला मिनिटाच्या आसपासचा अवधी पुरतो. सुदैवाने चालू एंजिनात लेपाच्या जाडीतून तापमान उतरत जाते. वरचा पृष्ठभाग १,२५०° से. असताना तळ त्याहून बराच थंड असतो. म्हणून रस जेथे आपल्या थिजण्याच्या तापमानाला येतो तेथे थांबतो. लेपाचा वरचा भाग भरलेला व खालचा मोकळा अशी दुपदरी अवस्था निर्माण होते.

रस वितळलेला असेपर्यंत लेपाला यांत्रिक इजा फारशी होत नाही. इजा होते ती एंजिन थंड होताना. मिश्रधातूचा प्रसरण गुणांक लेपाच्या गुणांकापेक्षा बराच मोठा असल्याने थंड होताना धातू अधिक आकुंचन पावते व लेप दाबाखाली येतो. पोकळ्या मोकळ्या असताना लेप दबून घेतो. त्यांत काच थिजल्यावर तोच थर दगडी फरशीसारखा ताठ बनतो. लेपात साठणारी प्रत्यास्थ ऊर्जा ताठपणाच्या व जाडीच्या प्रमाणात वाढते; ती विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की भरलेल्या व मोकळ्या भागांच्या सीमेजवळ पृष्ठाला समांतर चीर धावते आणि वरचा भाग पोपड्यासारखा सुटतो. वैमानिकाने एंजिनाची शक्ती एकाएकी कमी केल्यास पृष्ठभाग तळापेक्षा आधी थंड होतो, त्याच्यावर क्षणभर ताण येतो व उभ्या चिरा पडतात. या चिरा खाली जाऊन वळल्या की पोपडा सुटण्यास मदत होते. एक पोपडा गेला की खालचा थर उघडा पडतो व पुढील उड्डाणात तोही रस पिऊ लागतो. अखेरीस धातू उघडी पडते.

रासायनिक हानी याबरोबरच चालू असते. रस झिर्कोनियम ऑक्साइड इट्रियमसह विरघळवितो. झिर्कोनियमची विद्राव्यता थोडी असल्याने रस लवकरच संतृप्त होतो व झिर्कोनियम ऑक्साइड पुन्हा गोलसर कणांच्या रूपात बाहेर पडते. परंतु इट्रियमचा मोठा भाग रसातच राहतो. इट्रियम गमावलेले हे कण थंड होताना एकनत रूपात बदलतात व फुगतात. ज्या दोषाच्या निवारणासाठी इट्रियम मिसळले होते तोच दोष अशा रीतीने परत येतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा लेपाचे नेटके स्तंभ विस्कटून काचेत तरंगणाऱ्या गोट्यांसारखे दिसतात.

प्रतिकाराची तत्त्वे : प्रारंभी रसाला लेपापासून दूर ठेवण्याचे उपाय सुचविण्यात आले. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात लेपावर ॲल्युमिनियम ऑक्साइडासारख्या पदार्थाचा बळी जाणारा थर देणे, अथवा पॅलॅडियमसारख्या, रस ज्याला ओलावत नाही अशा धातूचा थर देणे, यांची पेटंटे घेण्यात आली. दाट अभेद्य थर थंड-गरम होताना स्वतःच तडकतो व तडकल्यावर रसाला अडवू शकत नाही. शिवाय पातळ थर धुळीच्या माऱ्याने झिजतो. म्हणून केवळ आवरणावर विसंबणे पुरेसे ठरले नाही.

खरी प्रगती विक्रियाशील लेपांमुळे झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँता बार्बरा येथील कार्लोस लेव्ही यांच्या गटाने २००८ मध्ये गॅडोलिनियम झिर्कोनेटावर प्रयोग प्रसिद्ध केले. १,३००° से. ला रस या लेपाच्या फटींत शिरला, पण पंचवीस-तीस मायक्रोमीटरांच्या आसपासच अडला. फटीच्या तोंडाशी ॲपेटाइट जातीच्या सिलिकेटाचे व झिर्कोनियम ऑक्साइडाचे स्फटिक तयार होऊन त्यांनी फट बुजविली होती. हे ॲपेटाइट रसाच्या वितळबिंदूपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानालाही घन राहते. त्यामुळे थिजण्यासाठी रसाला खालच्या थंड भागापर्यंत जावे लागत नाही, तो जागच्या जागी घट्ट होतो. लेपाचा वरचा भाग थोडा बळी जातो व खालचा बहुतांश लवचिक राहतो.

हे का घडते व जुन्या लेपात का घडत नाही, हे साध्या हिशेबाने समजते. ॲपेटाइटाच्या एका सूत्रमात्रेत आठ गॅडोलिनियम, दोन कॅल्शियम व सहा सिलिकॉन अणू असतात. गॅडोलिनियम झिर्कोनेटात धातूचे निम्मे अणू गॅडोलिनियमचे आहेत. म्हणजे आठ गॅडोलिनियम मिळविण्यासाठी रसाने लेपातील सोळा धातू-अणू विरघळविले की काम होते. नेहमीच्या इट्रियमयुक्त लेपात शंभर धातू-अणूंमागे इट्रियमचे केवळ आठच्या आसपास असतात. तेवढेच ॲपेटाइट मिळविण्यासाठी सु. शंभर धातू-अणू विरघळावे लागतील. तोपर्यंत रस तळाशी पोहोचलेला असतो. हा सामना वेगाचा आहे : फटीतून वाहण्यास लागणारा वेळ आणि स्फटिक बनण्यास लागणारा वेळ यांपैकी दुसरा कमी असावा लागतो. ॲपेटाइट बनविण्याची प्रवृत्ती विरल मृत्तिका मूलद्रव्यांत सारखी नाही. लँथॅनम, निओडिमियम, गॅडोलिनियम यांसारख्या मोठ्या आयनांत ती जास्त असते व यिटर्बियमसारख्या लहान आयनांत कमी.

दुसरा मार्ग रसाची घडण बदलून त्याला वेगळ्या खनिजाच्या रूपात स्फटिक व्हावयास लावण्याचा आहे. ओहायओ राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये इट्रियमयुक्त लेपातच ॲल्युमिनियम व टिटॅनियम यांची ऑक्साइडे विरघळवून मिसळली. लेप विरघळला की रसातील ॲल्युमिनियम वाढते व त्याची घडण ॲनॉर्थाइट या फेल्स्पाराच्या क्षेत्रात सरकते. टिटॅनियम स्फटिकबीजे निर्माण करण्यास साहाय्य करते. एयाफ्यालायोकुत्लच्या राखेवरही अशा सुधारित लेपांची पुढे चाचणी झाली व त्यांनी राखेचा प्रवेश रोखल्याचे आढळले.

मर्यादा : गॅडोलिनियम झिर्कोनेटाचा चिवटपणा इट्रियमयुक्त लेपाच्या निम्म्याच्या आसपास भरतो, त्यामुळे कणांच्या माऱ्याने ते लवकर झिजते. बंधक लेपावरील ॲल्युमिनियम ऑक्साइडाशीही त्याची विक्रिया होते. या दोन्ही कारणांनी ते एकटे न वापरता खाली इट्रियमयुक्त झिर्कोनियम ऑक्साइड व वर गॅडोलिनियम झिर्कोनेट असा दुहेरी लेप देतात. रसाचा प्रकार बदलला की हिशेबही बदलतो. कॅल्शियम कमी व सिलिका जास्त असलेल्या राखेत ॲपेटाइट सहज बनत नाही. मात्र असा रस अधिक दाट असल्याने सावकाश शिरतो, ही जमेची बाजू. रोजच्या धुळीची घडण स्थलपरत्वे भिन्न असते, तेव्हा चार ऑक्साइडांच्या एकाच नमुना-मिश्रणावर मिळालेल्या निष्कर्षांवर फार भिस्त ठेवणे योग्य नाही. भट्टीत सर्व बाजूंनी सारखे तापवून व एकदाच जाड थर देऊन घेतलेल्या चाचण्यांत तापमानाचा उतार नसतो व रसाचा सावकाश, थेंबाथेंबाने होणारा साठाही नसतो. ज्वालकाने एका बाजूने तापवून दुसऱ्या बाजूने थंड हवा देणाऱ्या चाचण्या खर्चिक असल्या तरी अधिक विश्वसनीय समजल्या जातात.

सिलिकॉन कार्बाइडाच्या संमिश्र द्रव्यांचे भाग २०१६ पासून प्रवासी विमानांच्या एंजिनांत वापरले जाऊ लागले आहेत. त्यांवर पाण्याच्या वाफेपासून संरक्षणासाठी यिटर्बियम डायसिलिकेटासारख्या विरल मृत्तिका सिलिकेटांचे दाट लेप देतात. येथे रस फटींतून न शिरता कणांच्या सीमांतून झिरपतो व लेप फुगवितो. यिटर्बियमचे प्रमाण जास्त असलेले मोनोसिलिकेट रसाशी अधिक लवकर विक्रिया करून ॲपेटाइट बनविते, परंतु त्याचा प्रसरण गुणांक सिलिकॉन कार्बाइडाशी जुळत नसल्याने ते तडकते. या लेपांखाली सिलिकॉनचा बंधक थर असतो व सिलिकॉन १,४१४° से. ला वितळते, म्हणून या संमिश्रांना झेपणारे तापमान पूर्णपणे वापरावयाचे झाल्यास रसाला अडविणारा वरचा लेप व सिलिकॉनविरहित बंधक थर या दोन्हींचा शोध एकाच वेळी घ्यावा लागत आहे.